नवतपातली शिकवणी

पहाटे ५ वाजता

नवतपाच्या दिवसांत टायरमधली हवा पहाटेच बघायची. दिवसभर भाजून निघालेला टायर तेव्हा कुठं निवलेला असतो, आणि ड्रायव्हरच्या दाराजवळच्या खांबावर कंपनीनं हवेचा जो आकडा छापलेला असतो तो थंड टायरचाच असतो. ड्रायव्हिंग स्कूलच्या दोन्ही गाड्यांचं हे काम मी दुसऱ्या कुणावर सोडत नाही. चारही चाकं झाली की स्टेपनी. स्टेपनीत हवा नाही हे बहुतेकांना ती लागते त्याच दिवशी कळतं.

आपल्याकडं एक समज घट्ट बसला आहे : उन्हाळ्यात टायर फुटतात, तेव्हा हवा जरा कमीच ठेवावी. मे उजाडला की हवा उतरवून आलेले लोक मला भेटतातच. खरं तर हवा कमी असली की टायर बसतो, त्याची बाजूची भिंत प्रत्येक फेऱ्याला दबते आणि उठते, आणि या सततच्या दबण्यानं रबर आतून तापत जातं. वरून ४५ अंशांचं ऊन, मागं चार माणसं, डिकीत सामान. अशा टायरवर १००च्या वेगानं तासभर गेलं की भिंत फाटते. दोष उन्हाला देतात, पण हवा पुरती असलेला धडधाकट टायर नागपूरचं ऊन सोसतो.

मीटरनं हवा बघून झाली की टायरवरून बोटं फिरवायची. खड्ड्यात आपटल्यानं आतले धागे तुटले असतील तर भिंतीवर सुपारीएवढा फुगवटा लागतो. डोळ्यांना तो धुळीत दिसत नाही, बोटाला मात्र लगेच कळतो. भिंतीवर चार आकडे कोरलेले असतात, म्हणजे टायर बनला तो आठवडा आणि वर्ष. ‘२२१८’ असेल तर २०१८चा बाविसावा आठवडा. नक्षी कितीही खोल दिसू दे, इतक्या जुन्या टायरवर मी महामार्गावर जात नाही. मग डिकी. लाल त्रिकोण, चमकणारं जाकीट, टॉर्च, पाण्याचा कॅन, हे सगळं सामानाच्या वर ठेवायचं. चार बॅगांखाली दडपलेला त्रिकोण ऐनवेळी हाताला लागत नाही.

६ वाजता

पहिली शिकवणी एका शिक्षिकेची. लायसन्स जुनं आहे, शाळेत गाडीनंच जातात. पण सुट्टी संपायच्या आत घरच्यांना घेऊन ‘समृद्धी’ महामार्गानं शिर्डीला जायचं ठरलंय, आणि फोनवर त्यांनी मला सरळ विचारलं होतं, “सर, गाडी चालवता येते मला. काही झालं तर काय करायचं, ते शिकवाल का?” असं शिकायला येणारी माणसं थोडी. मला ती फार मोलाची वाटतात.

मिहानच्या बाजूचे रुंद रस्ते या वेळी मोकळे असतात. मागं-पुढं कुणी नाही हे पाहून मी ५०चा वेग धरायला सांगतो आणि म्हणतो, “आता!”

ब्रेक सगळेच रोज दाबतात, पण पूर्ण ताकदीनं दाबायची वेळ वर्षानुवर्षं आलेली नसते. ताईंनी पहिल्यांदा सिग्नलला थांबावं तसा हळुवार दाबला. गाडी लांब जाऊन थांबली. दुसऱ्यांदा जोरात दाबला, तर पायाखाली पेडल तडतडायला लागलं आणि त्यांनी घाबरून पाय उचलला.

“सर, तुटलं का काही?”

काही तुटत नाही. ते एबीएसचं काम. चाक जाम होऊ नये म्हणून यंत्रणा सेकंदाला कितीतरी वेळा ब्रेक सोडते आणि धरते, त्याचा तो थरकाप. चाक फिरत राहतं म्हणून दाबलेल्या ब्रेकवरही स्टेअरिंगला गाडी वळते. थरथर जाणवली तरी पाय उचलायचा नाही, उलट आणखी रेटायचा. हे पुस्तकात वाचून कळतं, पण पायाला कळत नाही. पायाला तो थरकाप ओळखीचा व्हावा लागतो. मी रस्त्यात रिकामा प्लास्टिकचा डबा ठेवतो आणि ब्रेक पूर्ण दाबून ठेवत त्याच्या बाजूनं गाडी काढायला लावतो. डबा दोनदा उडाला, मग उभाच राहिला.

परतताना थोडं गणित. ताई गणितच शिकवतात, त्यामुळं फार बोलावं लागलं नाही. ६०च्या वेगाला दिसल्यापासून पाय ब्रेकवर पडेपर्यंत एक सेकंद धरला, तर तेवढ्यातच गाडी साडेसोळा मीटर जाते, आणि थांबेपर्यंत कोरड्या रस्त्यावरही पस्तीसएक मीटर होतात. वेग दुप्पट केला की ब्रेकचं अंतर चौपट. १२०ला एकूण शंभर मीटरच्या वर. म्हणून पुढच्या गाडीपासून तीन सेकंदांचं अंतर ठेवायचं : ती ज्या खांबापाशी आहे तिथं आपण तीन मोजून झाल्यावर पोचायला हवं.

साडेआठ

शहर जागं झालं. आता शेजारी कॉलेजचा पोट्टा, लर्निंग लायसन्स नुकतंच हातात आलेलं. वर्धा रोडवर आमच्या पुढच्या गाडीला डावीकडून घुसलेली स्कूटी घासली. स्कूटीवाला पडला, उठला, गुडघा खरचटलेला. गाडीवाला उतरून आधी आपला दरवाजा बघायला लागला. दोन मिनिटांत घोळका.

“सर, चूक कोणाची?” पोट्ट्यानं विचारलं.

तो प्रश्न शेवटचा. पहिला प्रश्न, कुणाला लागलं का. दुसरा, मागून येणारा आपल्याला बघतोय का. म्हणजे चारही दिवे लुकलुकते करायचे. मग फोटो : दोन्ही गाड्या, दोन्ही नंबर, रस्त्याचा तुकडा दिसेल असे. कुणी जखमी नसेल तर गाड्या बाजूला घ्यायच्या, भररस्त्यात वाद घालायचा नाही. आवाज चढवायचा नाही. विम्याचा कागद दाखवायचा, समोरच्याचा टिपून घ्यायचा.

कुणाला मार लागला असेल तर ‘आपसात मिटवू’ म्हणून निघून जाता येत नाही. मोटार वाहन कायद्याचं कलम १३४ सांगतं की जखमीला उपचार मिळवून देणं ही चालकाची जबाबदारी, आणि पोलिसांना कळवायचं, फार तर चोवीस तासांच्या आत. जमाव अंगावर येईल याची भीती खरी असते, आणि कायद्यानंही ती धरली आहे. जमावाच्या रागामुळं जखमीपाशी थांबणं शक्यच नसेल तर तेवढी सूट आहे, पण त्याचा अर्थ घरी जाऊन फोन बंद करून बसणं नव्हे. निघायचं ते थेट जवळच्या पोलीस ठाण्यात, आणि वाटेतूनच १०८ला फोन करायचा. पळालेला आणि जीव वाचवून ठाण्यात गेलेला, यांत पुढं फार मोठा फरक पडतो. त्याहून मोठा फरक रस्त्यावर पडलेल्याला पडतो.

साडेदहा

दोन जणांची पक्क्या लायसन्सची चाचणी. आठचा आकडा, चढावर थांबून गाडी मागं न जाऊ देता उचलणं, रिव्हर्स. दोघंही पास. टायर फुटला तर काय, हे या चाचणीत कुठं येत नाही. ज्याच्या हाती कार्ड पडलं तो त्याच संध्याकाळी महामार्गावर जाऊ शकतो. मला हे वर्षानुवर्षं सलतं, म्हणून पास झालेल्यांना मी बळंच दुपारच्या वर्गाला बसवतो.

दुपारी १२

बाहेर रस्ते ओस. कूलरच्या घरघरीत आठ-दहा जण बसतात. या वर्गात मी खुणांचे तक्ते काढत नाही. एकेकाला विचारतो, पाय कुठं जाईल, हात कुठं जाईल.

ब्रेक लागत नाही. पेडल खाली जातंय. भराभर पंप मारा, कधी कधी दाब परत येतो. त्याच वेळी गिअर एकेक खाली आणा, इंजिन गाडीला ओढून धरतं. हँडब्रेक एकदम खेचायचा नाही, मागची चाकं जाम होऊन गाडी फिरते. बटण दाबून धरायचं आणि थोडा थोडा ओढायचा. किल्ली काढायची नाही, स्टेअरिंग लॉक होतं. हॉर्न वाजवत राहायचं.

एक्सलरेटर अडकला. पाय मारून सुटला नाही तर गिअर न्यूट्रल आणि ब्रेक. इंजिन किंचाळेल, किंचाळू द्या. पायाखाली सरकून आलेली जास्तीची चटई हे याचं नेहमीचं कारण. घरी जाऊन आधी ती बघा.

बॉनेटमधून धूर. डावीकडं थांबा, इंजिन बंद, सगळे बाहेर, वारा जिकडून येतो त्या बाजूला लांब. बॉनेट उघडून बघायचा मोह प्रत्येकाला होतो. तसं केलं की आत धुमसणाऱ्या आगीला एकदम हवा मिळते आणि भडका तोंडावर येतो.

इथं मी १ जुलै २०२३ची गोष्ट सांगतो. नागपुरातून पुण्याला निघालेली खासगी बस मध्यरात्रीनंतर ‘समृद्धी’वर सिंदखेडराजाजवळ धडकली, उलटली आणि पेटली. पंचवीस माणसं गेली. बस दाराच्याच बाजूवर पडली होती, त्यामुळं दार खाली दबलेलं. जे थोडे वाचले ते काच फोडून बाहेर आले. टायर फुटला की आणखी काही झालं यावर तेव्हा बरीच चर्चा झाली, पण मला त्या रात्रीचं वेगळंच काही पोरांना सांगायचं असतं : गाडीत बसल्यावर दुसरी वाट कुठली हे आधी शोधा. समोरची काच दोन थरांची, मध्ये चिकट पडदा असलेली. ती तडकते, पण फुटून रस्ता देत नाही. बाजूची काच कडक केलेली असते. तिच्या मधोमध कितीही मारलं तरी हात दुखतो. कोपऱ्यात, टोकदार वस्तूनं एक घाव, की ती मिठासारखी भुरभुरून पडते. काही नव्या गाड्यांत बाजूलाही दुहेरी काच असते, तेव्हा आपल्या गाडीचं पुस्तक वाचून ठेवा. छोटा हातोडा ड्रायव्हरच्या हाताला लागेल असा ठेवायचा. बेल्ट लावलेला असतानाही.

आणि बेल्ट मागच्यांनाही. सप्टेंबर २०२२मध्ये पालघरजवळ उद्योगपती सायरस मिस्त्री गेले तेव्हा ते मागच्या सीटवर होते आणि बेल्ट लावलेला नव्हता. गाडी महागडी होती, एअरबॅगा होत्या. धडकेच्या क्षणी गाडी थांबते, मागचा माणूस मात्र त्याच वेगानं पुढं जातो, आणि जाताना पुढच्यालाही मारतो.

३ वाजता

ताई परत आल्या. हिंगण्याकडून शिवमडका. इथून ‘समृद्धी’ सुरू होतो आणि भिवंडीजवळ आमणेला संपतो, ७०१ किलोमीटर. शिर्डीपर्यंतचा ५२० किलोमीटरचा पहिला टप्पा डिसेंबर २०२२मध्ये उघडला, तेव्हापासून नागपूरकरांच्या घराघरांत हा रस्ता आला आहे. कार-जीपना १२०ची मर्यादा. वायफळचा टोल नाका मागं पडला की पुढं काहीच नाही : चौक नाही, गाव नाही, गुरं नाहीत, नुसतं पांढरं काँक्रीट. इथल्या व्हीएनआयटीच्या अभ्यासातही या एकसुरीपणाकडं बोट दाखवलं गेलं. डोळे उघडे असतात आणि माणूस आत झोपलेला असतो. ताईंना मी ९०च्या वर जाऊ देत नाही आणि सतत बोलतं ठेवतो. दर दीड-दोन तासांनी उतरून चालायचंच, झोप येवो न येवो.

मागं मैलभर कुणी नाही असं पाहून मी ओरडलो, “मागचा उजवा फुटला!”

ताईंचा पाय ब्रेकवर गेला. सगळ्यांचा जातो. मी माझ्या बाजूनं सावरलं आणि पुन्हा सांगितलं. फुटलेलं चाक गाडीला आपल्याकडं ओढतं. त्यात ब्रेक दाबला की सगळं वजन पुढं येतं, मागची बाजू हलकी होऊन गाडी फिरते, उलटते. तेव्हा दोन्ही हातांनी स्टेअरिंग घट्ट, सरळ. एक्सलरेटरवरून पाय हळूहळू वर. ब्रेकला शिवायचं नाही. गाडी आपोआप मंदावू द्यायची. वेग चाळीसच्या खाली आला की इंडिकेटर देऊन डावीकडच्या पट्टीवर. रिम खराब होईल, होऊ दे. मधल्या लेनमध्ये थांबायचं नाही.

“मागचा डावा!” या वेळी पाय ब्रेकपर्यंत गेला आणि तिथंच हवेत थांबला. पुढच्या वेळी गेलाच नाही.

येळाकेळीच्या अलीकडं डाव्या पट्टीवर एक कार उभी दिसली, मुंबईकडं तोंड केलेली. सूर्य पश्चिमेला झुकलेला, त्यामुळं गाडीची सावली मागं पडली होती. आणि त्या सावलीत, गाडीला पाठ टेकून, एक म्हातारे बाबा, एक बाई आणि मांडीवर लेकरू. नवरा जॅक लावत होता. अख्ख्या रस्त्यावर तेवढीच सावली होती, आणि मागून येणारा ट्रक चुकला तर पहिला तिथंच येणार होता.

आम्ही बरंच पुढं जाऊन पट्टीवर थांबलो, दिवे लावले आणि कठड्याच्या पलीकडून चालत मागं आलो.

“बाबा, आधी लेकराला घेऊन कठड्याच्या पलीकडं चला.”

“अहो, तिकडं ऊन किती आहे पाहा ना! गाडीच्या आड बरं आहे.”

ऊन खरंच मारणारं होतं. पण ऑक्टोबर २०२३मध्ये याच महामार्गावर वैजापूरजवळ मध्यरात्री थांबलेल्या ट्रकवर टेम्पो ट्रॅव्हलर आदळला आणि बारा माणसं गेली, हे मला विसरता येत नाही. रस्त्यावर थांबलेली गाडी मागच्याला चालतीच वाटते. आपल्याच पट्टीतली गाडी उभी आहे हे त्याला कळेपर्यंत शंभर मीटर संपलेले असतात. पहिल्या अपघातात खरचटलेली माणसं दुसऱ्या धडकेत जातात, ती अशी.

ताईंनी आपला दुपट्टा बाबांच्या डोक्यावर टाकला आणि लेकराला उचललं. कठड्याच्या पलीकडं, गाडीच्या बरंच मागं, चादर डोक्यावर ताणून सगळे बसले. मी पाण्याचा कॅन दिला. नवऱ्याला त्रिकोण कुठं आहे विचारलं, तर तो बॅगांखाली. आमचा घेतला, छातीपुढं धरून कठड्याबाहेरून मागं शंभरावर पावलं गेलो आणि ठेवला. हेल्पलाइनला फोन करताना त्यानं सांगितलं, “वर्ध्याजवळ कुठं तरी.” एवढ्यावर गस्तीची गाडी शोधत बसते. किलोमीटरची पाटी वाचून सांगायची आणि तोंड कुठल्या दिशेला ते सांगायचं. राष्ट्रीय महामार्गावर १०३३ चालतो. ‘समृद्धी’ची हेल्पलाइन वेगळी, ती निघण्याआधी फोनमध्ये घालून ठेवायची. ११२ आणि १०८ कुठूनही. गस्तीची गाडी आली आणि शंकू लागले, तेव्हाच चाकाला हात लावू दिला.

परतीच्या वाटेवर ताई म्हणाल्या, “आपण थांबलो म्हणून पोलिसांत फेऱ्या नाही ना माराव्या लागणार?” ही भीती अजून गेलेली नाही. सर्वोच्च न्यायालयानं ३० मार्च २०१६ला मदत करणाऱ्याला संरक्षण दिलं, २०१९च्या दुरुस्तीनं ते कायद्यातच आलं. नाव सांगायची सक्ती नाही, दवाखान्यात अडवून ठेवता येत नाही. मे २०२५पासून अपघातग्रस्ताला पहिल्या सात दिवसांत दीड लाखापर्यंत रोकडविरहित उपचारांची योजनाही आहे. तरी त्याच वर्षी ऑगस्टमध्ये नागपूर–जबलपूर महामार्गावर देवलापारच्या हद्दीत ट्रकच्या धडकेत पत्नी गेलेल्या माणसाला कुणी थांबून मदत केली नाही, आणि त्यानं तिचा देह दुचाकीला बांधून नेला. तो व्हिडिओ सगळ्या नागपूरनं पाहिला. माझ्या वर्गात मी तो दाखवत नाही. त्या रस्त्यावरून किती गाड्या गेल्या असतील, तेवढंच विचारतो.

थांबून काय करायचं हेही माहीत हवं. आधी आपली गाडी सुरक्षित, मग त्यांची किल्ली बंद. आग किंवा आणखी धडकेचा धोका नसेल तर जखमीला ओढायचं नाही. तोंडात पाणी घालायचं नाही. वाहत्या रक्तावर स्वच्छ कापड दाबून धरायचं आणि सोडायचं नाही.

७ वाजता

काटोल रोड, गोरेवाड्याच्या बाजूनं. रात्रीची शिकवणी. समोरच्याच्या अप्परनं डोळे दिपले की रस्त्याच्या डाव्या कडेच्या पांढऱ्या रेषेवर नजर ठेवायची आणि वेग कमी करायचा. इथली खरी भीती रोह्याची, म्हणजे नीलगाईची. रोही उडी मारून अचानक समोर येतो, आणि शिकाऊच काय, जुना ड्रायव्हरही त्याला चुकवायला स्टेअरिंग फिरवतो. झाडावर, समोरच्या ट्रकवर किंवा नाल्यात जाण्यापेक्षा सरळ रेषेत पूर्ण ब्रेक दाबून रोह्याला धडकलेलं बरं. ऐकायला क्रूर वाटतं, पण माणसं वळणात मरतात. आणि एक गेला म्हणून वेग घ्यायचा नाही, मागून दुसरा येतोच.

साडेआठ

आजची शेवटची शिकवणी ताईंच्या घरी, मनीषनगरला. गाडी अंगणात, इंजिन बंद. शिर्डीला जाणारे सगळे आपापल्या जागी बसले : ताई स्टेअरिंगवर, यजमान शेजारी, मागं सासूबाई, मुलगी आणि धाकटा मुलगा.

एकट्या ड्रायव्हरला शिकवून भागत नाही असं माझं ठाम मत आहे. टायर फुटल्यावर ड्रायव्हर शांत असतो, आणि शेजारचा माणूस स्टेअरिंगला हात घालतो. म्हणून प्रत्येकाला काम वाटून दिलं. यजमानांनी फोन लावायचा आणि किलोमीटर सांगायचा, स्टेअरिंगला हात लावायचा नाही. मुलीनं आजीचा बेल्ट सोडवायचा. धाकट्यानं डाव्याच दारानं उतरायचं, उजवं विसरून जायचं. त्याचं दार उघडेना, कारण चाइल्ड लॉक लागलेलं. ते कुठं असतं हे घरात कुणालाच माहीत नव्हतं.

धाकट्यानं विचारलं, “आणि पाण्यात गेली तर?” २३ सप्टेंबर २०२३च्या पहाटे अंबाझरी तलाव भरून वाहिला तेव्हा वस्त्यांत गाड्या बुडाल्या होत्या, ते त्याच्या आठवणीत आहे. नरेंद्रनगरच्या पुलाखाली पाणी भरतं, हे तर दर पावसाळ्याचं. पाणी किती खोल ते दिसत नसेल तर गाडी घालायचीच नाही. अडकलीच तर दाराशी झटायचं नाही, बाहेरचं पाणी दार दाबून धरतं. आधी बेल्ट, मग लगेच काच खाली, वीज चालू आहे तोवर, आणि खिडकीतून बाहेर, लहान मुलं आधी.

मग मी बाहेरून टपावर थाप मारली. बेल्ट, डावं दार, त्रिकोण, अंगणाच्या भिंतीपलीकडं. सासूबाई मागं राहिल्या. उजवीकडच्या सीटवर बसल्या होत्या आणि मध्ये पिशवी आडवी.

“मी डावीकडच्या दाराशी बसते, आणि ती पिशवी डिकीत टाका,” त्या म्हणाल्या. “आता परत मारा थाप.”